गॉथिक कादंबरीत सगळीकडे जुना वाडाच का?

तापीकाठ
मंडळी, मी चोपड्याचा, जळगावला इंग्रजीत एमए करतोय. गॉथिक फिक्शनच्या (भीती, गूढ आणि जुन्या वास्तूंच्या इंग्रजी कादंबऱ्या) नोट्समध्ये नुसती नावं आणि सालं आहेत, एकातून दुसरं कसं निघालं तेच कळत नाहीये. आणि दरवेळी किल्ला नाहीतर पडका वाडाच का लागतो? कोणी सांगेल का प्लीज.

लळिंगकर
भाऊ, भूत जरा बाजूला ठेव, आधी इस्टेट बघ. १७६४ मध्ये होरेस वॉलपोलचं 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' आलं, तिथून हे सुरू झालं. ऐन लग्नाच्या दिवशी किल्ल्यावर राज्य करणाऱ्या मॅनफ्रेडच्या पोरावर एक अवाढव्य शिरस्त्राण पडतं आणि पोरगा चिरडून मरतो, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण कारण काय, तर मॅनफ्रेडच्या आजोबाने खऱ्या मालकाला विष घातलं, खोटं मृत्युपत्र पुढे केलं आणि गादी लाटली. ते पाप तिसऱ्या-चौथ्या पिढीला भोवतं. आपल्याकडे सातबाऱ्यावरून भाऊबंदकी पेटते तसंच आहे हे, फक्त निकाल भूत देतं. भांडणच किल्ल्यासाठी आहे म्हटल्यावर किल्ला लागणारच ना.

धुळ्याची वाचक
दादा, पटलं, पण अ‍ॅन रॅडक्लिफला विसरू नका, माझ्या मते खरी कलाटणी तिनेच दिली. १७९४ च्या 'मिस्टरीज ऑफ उडॉल्फो'मध्ये नायिका एमिली एका चौकटीवरचा काळा पडदा बाजूला करते, आत काहीतरी बघून बेशुद्ध पडते, आणि काय बघितलं ते रॅडक्लिफ आपल्याला शेवटपर्यंत सांगत नाही. निघतो काय तर मेणाचा पुतळा! म्हणजे भूत नाहीच, पण तिला डांबून जमिनी लिहून मागणारा मोंटोनी मात्र हाडामांसाचा. पोरीबाळींना त्याचीच जास्त भीती वाटते. दोनच वर्षांनी मॅथ्यू लुईसने 'द मंक'मध्ये बरोबर उलटं केलं, सैतान खरोखरचा आणला. हे दोन रस्ते पुढे कायम राहिले.

तापीकाठ
वा, आता जरा धागा लागला. पण मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये किल्ला कुठे आहे?

लळिंगकर
तिथेच तर गंमत आहे. १८१५ ला इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, जिनिव्हाच्या तळ्याकाठी कवी बायरनकडे मेरी आणि बाकीची मंडळी पावसाने घरात अडकली आणि भुताच्या गोष्टी लिहायची पैज लागली. मेरी तेव्हा फक्त १८ वर्षांची. १८१८ ला पुस्तक आलं ते लेखिकेचं नाव न घालता. त्यात आजोबांचं पाप नाही, माणसाने स्वतःच्या हाताने घडवलेला राक्षस आहे. नंतर १८८६ ला 'जेकिल अँड हाइड'मध्ये तर भीती लंडनच्या गल्लीत, एकाच माणसाच्या अंगात जाऊन बसली. पेपरात हा प्रवास लिही, वाड्यातून माणसात.

धुळ्याची वाचक
आणि ड्रॅक्युला, १८९७! त्यातला इंग्रज वकील हार्कर ट्रान्सिल्व्हेनियाला जातो कशाला, तर काउंट ड्रॅक्युलाच्या इंग्लंडमधल्या घरखरेदीची कागदपत्रं घेऊन. म्हणजे परत इस्टेटच. मराठीत वाचायचं तर नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी घे, पण परीक्षेआधी ओट्रँटो उरक, छोटंसंच आहे.