बारावीनंतर अर्थशास्त्र घ्यावे का?

जमाखर्च:
माझ्या भाचीला अर्थशास्त्रात बी.ए. करायचे आहे आणि घरचे बी.कॉम. व सी.ए.चा आग्रह धरून बसले आहेत. मला घरच्यांचे म्हणणे पटते. सी.ए.च्या सहीला कायद्याने किंमत आहे. अर्थशास्त्राच्या नुसत्या पदवीवर असा कोणताच अधिकार मिळत नाही. आपली मते सकारण मांडावीत.

कांदाचाळ:
असहमत. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि लासलगावच्या लिलावात भाव कोसळले. एका शेतकऱ्याला किती फटका बसला, हे हिशेबनीस सांगेल. परंतु शहरातल्या ग्राहकाच्या पदरात नेमके किती पडले, पुढच्या हंगामात लागवड घटून तोच ग्राहक पुन्हा महागाईत सापडेल का, आणि ऑगस्टमध्ये लावलेले 40 टक्के निर्यातशुल्क पुरेसे नव्हते का, हे तपासायला अर्थशास्त्रच लागते. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागात आणि नाबार्डमध्ये अशा अभ्यासावर लोकांची कारकीर्द उभी आहे. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला तर या विषयातील पदव्युत्तर पदवीच लागते.

जमाखर्च:
म्हणजे पाच वर्षे शिकायचे आणि मग मोजक्या जागांसाठी देशभरातल्या मुलांशी स्पर्धा करायची. सी.ए. अवघड आहे हे मान्य, पण तालुक्याच्या गावातही त्याला काम मिळते. तिथे अर्थतज्ज्ञाला कोण बोलावतो?

सांख्यिकी:
आपण दोघेही गणिताविषयी बोलत नाही आहात. आपल्याकडे पुष्कळ मुले गणित टाळण्यासाठी अर्थशास्त्र घेतात, मार्गदर्शकातल्या व्याख्या पाठ करून पदवी मिळवतात आणि नामांकित संस्थांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत कलन व संभाव्यता समोर आली की तिथेच अडतात. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातील दारिद्र्याची मांडणी केली, तीही राष्ट्रीय नमुना पाहणीतील कुटुंबांच्या खर्चाच्या आकड्यांवरच. भाचीला बारावीला गणित होते का?

जमाखर्च:
नव्हते. म्हणूनच धास्ती वाटते.

कांदाचाळ:
तेवढ्यावरून तिला अडवणे मला अन्यायाचे वाटते. तीन वर्षांत गणित शिकता येते. मात्र प्रवेशापूर्वी महाविद्यालयाचा अभ्यासक्रम मागवून त्यात सांख्यिकी आणि अर्थमिती (आकडेवारी वापरून आर्थिक संबंध तपासण्याचे शास्त्र) आहे की नाही, हे पाहावे. नसेल तर दुसरे महाविद्यालय शोधावे.