अरुण साधूंनी कादंबऱ्या लिहिल्या ही पत्रकारितेतली पळवाट होती का?

सातरस्ता
आमच्या वाचक मंडळात पत्रकार-कादंबरीकार अरुण साधूंवर चर्चा झाली. एका ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं असं: साधूंना मंत्रालयातलं एवढं ठाऊक होतं, तर त्यांनी ते नावानिशी पेपरात छापायला हवं होतं, नावं बदलून कादंबरी लिहिणं ही पळवाट. मला हे अजिबात मान्य नाही.

साधू परतवाड्याचे, जन्म १९४१. 'केसरी'त उमेदवारी, मग मुंबईत इंग्रजी पेपरांची बातमीदारी, पुढे 'फ्री प्रेस जर्नल'चं संपादकपद. पोट इंग्रजीवर आणि कादंबऱ्या मराठीत. सोबत मराठी सदरं आणि लेखही चालूच होते. म्हणजे छापायला जागा नव्हती असं मुळीच नाही. पण बातमीला कागद लागतो, बोलणारा नावानिशी उभा राहावा लागतो. खुर्ची हलू लागल्यावर मुख्यमंत्री घरी कसा वागतो, कोणाचा फोन घ्यायचं टाळतो, याचा पुरावा कुठून आणणार? तसंच छापलं असतं तर ती अफवा झाली असती. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांत ते माणसांसकट आलं. ते दुसऱ्या कुठल्या प्रकारात मावलंच नसतं.

विजापूर वेस
सातरस्ता, तुमचा जिव्हाळा समजतो, पण माझी सगळी नोकरी जिल्हा पानावर गेली, म्हणून बोलतो. कागद मिळत नाही असं नसतं, तो मिळवावा लागतो. दुष्काळात टँकरच्या खेपा कागदावर आठ आणि गावात तीन, अशी बातमी आम्ही केली होती. ड्रायव्हरची वही पाहिली, विहिरीवरच्या बायकांना वेळा विचारल्या, डिझेलच्या पावत्या जुळवल्या. गावोगावी जाणारी डाक आवृत्ती सुटायच्या आत सगळं उभं केलं. दुसऱ्या दिवशी तोच ठेकेदार चहाच्या टपरीवर समोर येऊन बसला. नाव छापलं की हे सोसावं लागतं.

आणि मोठं उदाहरण हवं असेल तर १९८१ चं घ्या. अरुण शौरींनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये मुख्यमंत्री अंतुल्यांचं सिमेंट वाटपाच्या बदल्यात देणग्या घेतल्याचं प्रकरण काढलं, १९८२ च्या जानेवारीत त्यांना जावं लागलं. कादंबरीतल्या मंत्र्याचा राजीनामा कोणी मागत नाही.

सातरस्ता
विजापूर वेस सर, टँकरची बातमी वाचून मान लवते, खरंच. पण अंतुले गेले, पुढे काय बदललं? दुसरे आले, तिसरे आले, गटबाजी तीच. शौरींनी एक माणूस पकडला, साधूंनी खुर्ची पकडली. दोन्ही कामं हवीत. एकाच्या मापाने दुसऱ्याला का मोजायचं?

कन्ना चौक
एक पाहिलेली गोष्ट सांगतो. वाचनालयात 'सिंहासन'ची जी प्रत मी वाचली, तिच्या समासात वाचकांनी पेन्सिलीने खऱ्या पुढाऱ्यांची नावं लिहून ठेवली होती. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडेंच्या शेजारी एका अक्षरात एक नाव, ते खोडून दुसऱ्या अक्षरात दुसरं, आणि खाली बारीक अक्षरात 'दोघेही'. नुसती नावं बदलून बातमी लिहिली असती तर असं झालं नसतं. तीन वाचकांनी तीन उत्तरं दिली.

होटगी रोड
पण सर, याचाच दुसरा अर्थ असा की लोकांनी ती कोडं सोडवल्यासारखी वाचली. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या कादंबऱ्यांची भाषा बातमीदाराची आहे: भराभर, कामापुरती. आणि आज 'सिंहासन' म्हटलं की डोळ्यांपुढे निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस येतो, तो १९७९ च्या सिनेमातला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं (आपल्या सोलापूरच्या हरिभाई देवकरण शाळेचे विद्यार्थी), आणि दोन कादंबऱ्या एकत्र विणून पटकथा लिहिली विजय तेंडुलकरांनी. त्या श्रेयात साधूंचा वाटा किती, हे कोणी तपासतच नाही.

पूर्व भाग
मी गिरणी कामगाराच्या घरातला. मला दिगूपेक्षा कामगार पुढारी डिकास्टा महत्त्वाचा वाटतो. 'सिंहासन' कादंबरी १९७७ ची. मुंबईचा गिरणी संप सुरू झाला जानेवारी १९८२ मध्ये. कामगार पुढारी, त्याची ताकद, आणि त्या ताकदीवर डोळा ठेवून बसलेले सत्ताधारी, हे सगळं साधूंनी आधीच मांडलं होतं. पुढे आपल्या सोलापुरातल्या गिरण्यांचे भोंगे बंद पडले, तेव्हा पेपरात देणी, तारखा आणि बैठका आल्या. त्या हव्याच होत्या. पण आपला संसार कोणाच्या कुठल्या बैठकीत ठरतो, हे माझ्या वडिलांना कळलं ते कादंबरी वाचून. आणि भाषा कामापुरती होती म्हणूनच त्यांना ती शेवटपर्यंत वाचता आली, होटगी रोड.

साधू मंत्रालयातच रमले असंही नाही. बूटपॉलिश करणाऱ्या पोरांवर 'झिपऱ्या' लिहिली. त्या पोरांची बातमी एरवी पेपरात कितीशी येते?

विजापूर वेस
'झिपऱ्या'बद्दल वाद नाही, ती मलाही आवडते. २००६ च्या इथल्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली होते, लगेच पुढच्या वर्षी नागपूरला साधू. एक रानावनात फिरलेला, एक मंत्रालयाच्या जिन्यांवर. दोघांचं लेखन फिरतीतून आलं, हेही कबूल. पण पुणे विद्यापीठात साधू पत्रकारिता विभागाचे प्रमुख होते. तिथल्या मुलांनी 'सिंहासन' वाचून 'खरं ते कादंबरीत लिहू' असं ठरवलं, तर जिल्हा पानावर टँकरच्या खेपा कोण मोजणार? माझा राग साधूंवर नाही. त्यांचं नाव घेऊन बातमी सोडून देणाऱ्यांवर आहे, आणि असे मी डेस्कवर बसून पाहिलेत.

सातरस्ता
मग सर, तुमच्या टँकरच्या बातमीत जे छापता आलं नाही, ते इथे लिहा. ठेकेदार टपरीवर येऊन बसला, पुढे काय झालं?