‘तीस दिवसांत मेंदू ताळ्यावर’ या लेखाला उत्तर: व्यसन, डोपामिन आणि कळपातली पायरी

सांजवात (धागाकर्ती)

‘तीस दिवस संयम पाळा, मेंदू ताळ्यावर येईल’ हा लेख या आठवड्यात मला चार जणांनी पाठवला. लेखकाचे म्हणणे असे, की डोपामिन हे सुखाचे रसायन, व्यसन म्हणजे त्याची चटक, महिनाभर ती तोडली की मेंदू पूर्ववत होतो. आणि जो पुन्हा घसरतो त्याची इच्छाशक्तीच कमी, परिस्थितीचे रडगाणे ही निव्वळ पळवाट. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षे हेरॉइनच्या विळख्यात होता, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

डोपामिन म्हणजे सुख, इथेच पहिली चूक आहे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिनच्या पेशींची नोंद घेतली, तेव्हा रसाचा थेंब अनपेक्षित मिळाला की त्या पेशी उसळत. पण थेंबाआधी लागणारा दिवा ओळखीचा झाल्यावर त्या दिव्यालाच उसळू लागल्या आणि रस आल्यावर शांत राहिल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या वेळी त्या मंदावत. बेरिज आणि रॉबिन्सन यांनी १९९३ मध्ये मांडले ते याच्या जवळचे आहे: ओढ वेगळी, आवड वेगळी, आणि व्यसनात ओढ वाढत जाते, आवड नव्हे. भाऊ शेवटच्या दोन वर्षांत म्हणे, ‘ताई, मजा कधीच संपली, पण पाय तिकडेच वळतात.’

‘पळवाट’ या शब्दाबद्दल तर मला अधिकच बोलायचे आहे. मायकेल नेडर यांच्या गटाने २००२ मध्ये २० मकाक नरांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. एकेकटी ठेवलेली ही माकडे चार-चारांच्या गटांत आणल्यावर जी वरचढ ठरली, त्यांच्या मेंदूत डोपामिनचे डी-२ ग्राही, म्हणजे पेशींवरचे डोपामिन टिपणारे रेणू, पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक वाढले; दबलेल्यांमध्ये तसा बदल दिसला नाही. पुढे कोकेन उपलब्ध करून दिल्यावर दबलेली माकडे ते वारंवार घेत राहिली, वरचढांना त्याची तशी ओढ लागली नाही. एकेकटी असताना दोघांच्या मेंदूत हा फरक नव्हता. तो कळपातल्या पायरीने घडवला.

चौदा महिने कोरडा राहून भाऊ एका घरगुती समारंभाला आला. तो खोलीत शिरताच मावशीने टेबलावरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि तिचा पट्टा मनगटाभोवती दोनदा गुंडाळला. कोणी काही बोलले नाही. त्या रात्री तो घरी परतला नाही.

परखड

आपल्या भावाविषयी सहानुभूती आहे, पण आपला निष्कर्ष मला मान्य नाही. माझ्या वडिलांना कोणी कधी हिणवले नाही. त्यांचा आवाज आला की आम्ही भावंडे पुस्तकात डोके घालत असू. आपल्या भाषेत सांगायचे तर ते कळपातले वरचढ नर होते, आणि तरीही त्यांनी दारूपायी स्वतःला आणि घराला संपवले. ‘सामाजिक ताण’ हे स्पष्टीकरण ऐकायला मायाळू वाटते, परंतु त्याचा भार कोणावर पडतो? ‘घरात सुख नसेल म्हणून पितो’ हे वाक्य माझ्या आईने आयुष्यभर ऐकले. तिला जो दोष लोकांनी दिला, तोच आपण आता माकडांचा दाखला देऊन पुन्हा देत आहात.

पानगळ

परखड, एका घराच्या अनुभवावरून सिद्धान्त मोडत नाही. ‘रॅट पार्क’ विसरलात का? ब्रूस अलेक्झांडर यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दाखवले, की पिंजऱ्यातले एकाकी उंदीर मॉर्फिनचे पाणी पीत राहतात, तर प्रशस्त जागेत सोबत्यांसह राहणारे ते टाळतात. प्रश्न रसायनाचा नाहीच, पिंजऱ्याचा आहे.

जिज्ञासू

पुन्हा रॅट पार्क! व्यसनावरच्या प्रत्येक चर्चेत तो येतो आणि प्रत्येक वेळी अर्धाच सांगितला जातो. मॉर्फिन कडू असते, म्हणून त्यात साखर मिसळली होती. म्हणजे उंदीर गोडीला भुलले की मॉर्फिनला, हे वेगळे काढणे कठीण. नंतरच्या प्रयत्नांत तोच निकाल सातत्याने मिळालेला नाही. आपली बाजू खरी असली तरी लंगडा पुरावा वापरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

पानगळ

उंदीर नकोत तर माणसे घ्या. १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. तिथे सुमारे एक पंचमांश सैनिक अफूजन्य द्रव्यांच्या अधीन झाले होते. परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांपैकी केवळ सुमारे ५ टक्के पुन्हा अडकले. त्यांची इच्छाशक्ती काय विमानात वाढली?

जिज्ञासू

हा दाखला भक्कम आहे, ते मान्य करतो. पण त्यात केवळ ताण गेला नाही. ओळखीच्या जागा, सोबती आणि सहज मिळणारा माल, सारे एकदम सुटले. शुल्ट्झ यांचा दिवाच विझला म्हणा ना. त्यामुळे तो पायरीचा पुरावा ठरत नाही.

सोबतीचाच पुरावा हवा असेल, तर रॅट पार्कपेक्षा वेनिरो आणि शाहम यांचे २०१८ चे काम पाहा. उंदरापुढे दोन कळा होत्या: एक दाबली की मादक द्रव्य, दुसरी दाबली की दार उघडून दुसऱ्या उंदराची थोडा वेळ भेट. उंदरांनी जवळजवळ प्रत्येक वेळी दार निवडले, पूर्वी भरपूर द्रव्य घेतलेल्यांनीसुद्धा. मात्र दार उशिरा उघडू लागले, किंवा त्या कळीला विजेचा झटका जोडला, तेव्हा ते द्रव्याकडे वळले.

सांजवात

जिज्ञासू, हा प्रयोग मला ठाऊक नव्हता. झटक्यासह उघडणारे दार म्हणजे काय, हे मी त्या समारंभात पाहिले आहे.

रात्रपाळी

मी रुग्णालयात काम करतो. या साऱ्या वादात औषधाचे नाव कोणी घेत नाही, याचा मला संताप येतो. महिनाभर अफूजन्य द्रव्य बंद राहिले, की शरीराची सहनशक्ती उतरते. मग माणूस जुन्याच मात्रेला हात घालतो आणि श्वास थांबतो. त्या लेखातले तीस दिवस संपल्यानंतरचा काळ सर्वांत जास्त जीवघेणा असतो. मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन ही अफूजन्य द्रव्यांच्या व्यसनावर दिली जाणारी औषधे मृत्यू टाळतात. ‘एक नशा सोडून दुसरी’ असे म्हणून ती बंद करायला लावणारे नातेवाईक मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या काहींना पुढे प्रेत ताब्यात घ्यायला आलेलेही पाहिले आहे.

परखड

औषधांबद्दल वाद नाही. मात्र सांजवात यांनी नेडर यांच्या माकडांची पुढची हकिकत सांगितली नाही. त्याच प्रयोगशाळेने नंतर दाखवले, की दीर्घकाळ कोकेन घेत राहिल्यावर वरचढ आणि दबलेल्या माकडांच्या डी-२ ग्राहींमधला फरक उरला नाही आणि वरचढांचे संरक्षणही टिकले नाही. म्हणजे पायरी आरंभी वाचवते; पुढे पदार्थ सर्वांना एकाच जागी आणतो. माझ्या वडिलांचे हेच झाले असावे, जरी त्यांचे द्रव्य वेगळे होते. आरंभीच्या टप्प्यापुरते आपले म्हणणे मी मान्य करतो, त्यापुढे नाही.

आणि दाराच्या प्रयोगात दारापलीकडे बसलेल्या उंदराचे काय? पन्नाशीपर्यंत माझी आई त्या जागी बसून होती.

सांजवात

पुढचा अभ्यास मी वाचला होता आणि तो इथे लिहायला हवा होता. मला पटवून द्यायचे होते, म्हणून सोयीचे तेवढे लिहिले. हे आपण दाखवून दिलेत ते योग्यच झाले. आपल्या आईला दोष देण्याचा माझा हेतू नव्हता, पण माझ्या लेखनातून तसा अर्थ निघतो हे आता मला दिसते. ताण कारण असू शकतो, म्हणून शेजारचे माणूस गुन्हेगार ठरत नाही, हे वाक्य मी मूळ लेखनात घालायला हवे होते.

आणखी एक गोष्ट मी गाळली होती. चार वर्षांपूर्वी मावशीच्या पर्समधले पैसे त्यानेच उचलले होते, आणि ती पर्सही हीच होती.