‘दारफाळणी’ म्हणजे काय?

बेने इस्रायली (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) लोकांवरच्या एका लेखात ‘दारफाळणीचा सण’ भेटला. संदर्भावरून ज्यूंचा योम किप्पुर वाटतोय. पण फाळणी म्हटलं की मला 1947 च आठवतं. दाराची फाळणी कशी करायची?

—

योम किप्पुरच. हिब्रू पंचांगातल्या तिश्री महिन्याचा दहावा दिवस, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. इथे अर्थ ‘दार लावून घेणे’. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत, सुमारे 25 तासांचा निर्जळी उपास. कोकणातले बेने इस्रायली त्या दिवशी पांढरे कपडे घालून दार लावून घरातच बसत, बाहेरच्यांचा संपर्क टाळत.

गंमत पहा, ‘किप्पुर’ म्हणजे पापक्षालन, पण मराठी नावात पापाचा उल्लेखही नाही. हिब्रू पोथ्या हातात नसलेल्या पिढ्यांनी घरात काय करायचं तेवढं जपलं, आणि सणाला नावही त्यावरूनच पडलं. दुसऱ्या दिवसाचा ‘शिळा सण’ तसाच. तेव्हा दानधर्म आणि भेटीगाठी. पेसाह, म्हणजे ज्यूंचा वल्हांडण, हा ‘अनशी ढाकायचा सण’. अनस हे आंबट कालवण, त्याचं भांडं त्या आठ दिवसांत झाकून ठेवायचं. ‘ढाकणे’ म्हणजे आपलं झाकणेच.

—

‘फाळणी’चा संबंध मी ‘फळी’शी जोडेन. दुकान बंद करताना फळ्या लावायचे ना, तसं. अंदाज आहे हं, कोशाचा आधार नाही.

—

फळी पटली. त्यात एक भर घालतो. योम किप्पुरच्या शेवटच्या प्रार्थनेचं नाव ‘नेइला’, म्हणजे बंद करणे, कुलूप घालणे. स्वर्गाची दारं मिटायच्या आत केलेली विनवणी. तिथे दार देवाचं, कोकणात घराचं. एकावरून दुसरं आलं असं मी म्हणणार नाही, जुळलंय मात्र छान.

आणि मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलेलं, त्याचं नाव ‘शआर हारहमीम’, म्हणजे दयेचं दार! बेने इस्रायली सिनेगॉगला मशीद म्हणत. मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं.

—

काय सांगता! वीस वर्षं तिथे उतरतोय, आणि मी आपला स्टेशनाजवळ मोठी मशीद कुठे दिसते का ते शोधत होतो.