विषय: काका गेले (दारव्हा तालुक्यातलं दुकान)

टोरोंटोहून

नमस्कार मंडळी,

माझे मोठे काका परवा वारले. वय झालं होतं, फार दिवस अंथरुणावर काढले नाहीत. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा तालुक्यातलं. यादीवर त्या भागातले दोघं-तिघं आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितोय. बाकीच्यांनी कंटाळा आला तर सरळ पुसून टाकावं.

काकांचं किराणा दुकान आणि 5 एकर कोरडवाहू. दुकान पहाटेच उघडायचं, कारण निंदायला जाणाऱ्या बाया चायपत्ती-साखर वावरात जायच्या आधी घेतात. ऊन चढलं की गल्ल्यावर काकू आणि काका वावरात. पराटीच्या (कापसाच्या झाडांच्या) मधे तुरीचं तास, धुऱ्यावर अंबाडी. संध्याकाळी डवरा ठेवून आले की हातपाय धुऊन पुन्हा काट्यासमोर. पूर्वी माल मूर्तिजापूरहून शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेनं यायचा. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, आणि ती इतकी सावकाश यायची की गुळाच्या भेल्या अर्ध्या मुंग्याच खातात, असं काका म्हणायचे.

पण त्यांचं खरं काम उधारीचं. जून ते दिवाळी कास्तकाराच्या हातात पैसा नसतो. बियाणं, खत, सालदार यांतच सगळं जातं. 1972 मध्ये एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, मग कापूस सरकारलाच द्यायचा. केंद्रावर बैलबंड्यांची रांग, ग्रेडर म्हणेल ती प्रत, आणि चुकारा (कापसाचे पैसे) येईल तेव्हा. चुकारा लांबला की काकांच्या वहीची पानं वाढत. त्यांची स्वतःची बंडी त्याच रांगेत असायची, त्यामुळे "अजून पैसे नाही आले" असं त्यांना खोटं सांगायची कोणाला सोय नव्हती.

तेरवी पुढच्या रविवारी गावीच आहे.

मेलबर्नहून

दादा, वाचून वाईट वाटलं. आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणायचो. रागावणार नसाल तर दुसरी बाजूही लिहिते.

जून ते दिवाळीची उधारी वावरवाल्यांना. माझी आई कापूस वेचायला जायची, किलोवर मजुरी. आम्हाला भाऊंनी बाजाराच्या दिवसापलीकडे कधी थांबू दिलं नाही. "मजुरी भेटली का पयले इकडे येजो," असं आईला चारचौघांत म्हणायचे. तिला ते फार लागायचं. उधारीत तेलाचा भाव रोखीपेक्षा वरचा होता, हे तर गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

काटा मात्र खरा. भाऊंनी मापात मारलं असं आईच्या तोंडून कधी ऐकलं नाही, आणि माझी आई कोणाला सोडणारी नव्हती. आम्ही पोरं फ्रॉकच्या, सदऱ्याच्या ओच्यात कापूस भरून न्यायचो, त्यावर मुरमुरे आणि गोळ्या मिळायच्या. कापूस कोणाच्या घरचा, हे भाऊ विचारत नसत. धंदा तोही होताच. वेचणीच्या सुरुवातीला त्यांच्या वावरात सीतादहीच्या पूजेचा दहीभात सगळ्या बायांना मिळायचा, पोरांनाही. काकू वाढायला हात आखडत नसत. त्या कशा आहेत आता?

पुन्हा टोरोंटोहून

ताई, त्यात रागावण्यासारखं काय? चारचौघांत बोलायची सवय त्यांना घरातही होती, आम्हीही ते सोसलंय. तेलाच्या भावाबद्दल एवढंच सांगतो, की ठोक व्यापारी काकांनाही माल उधारीवरच द्यायचा आणि त्यावर व्याज लावायचा. ते झिरपत झिरपत तुमच्या तेलात यायचं. पण ज्याच्या नावावर सातबारा त्याच्यासाठी थांबायचं आणि नसेल त्याच्यासाठी नाही, हा हिशेब त्यांनी शेवटपर्यंत बदलला नाही. तो मला पटला नाही, अजूनही पटत नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात कमी मुदत.

2017 मध्ये गुलाबी बोंडअळी आली तेव्हा ते दोन्हीकडून सापडले. स्वतःची पराटी गेली आणि गावाचीही गेली, म्हणजे वहीतलं सगळं अडकलं. चुलतभाऊ म्हणाला वावर विका, काका म्हणाले दुकान विकू. विकली शेवटी बैलजोडी, आणि व्यापाऱ्याचं देणं दिलं. पुढच्या वर्षी भाड्याच्या ट्रॅक्टरनं वखरणी केली. त्या पोळ्याला त्यांनी दुकान उघडलं नाही, कारण विचारलं तर "डोकं दुखून राह्यलं" म्हणाले.

काकू बऱ्या आहेत. तेरवी झाली की दुकान उघडते म्हणतात, चुलतभावाचं काही ऐकत नाहीत. तुमच्या आईची त्यांना चांगली आठवण आहे. कालच फोनवर तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, तर "तिले बोलायला सांगजो" म्हणाल्या. नंबर वेगळा पाठवतो. पण फोन गावच्या दुपारीच करा, दुकान उघडलं की सकाळी गिऱ्हाईक असतं.