पितृपक्षात हा सिनेमा कशाला? (सोसायटी ग्रुप)

ए-२०१: काल रात्री हॉलमध्ये पुनर्जन्माचा सिनेमा लावला म्हणे. पितृपक्ष सुरू आहे, उद्या आमच्याकडे सासूबाईंची तिथी. कोणाला विचारून लावला?

बी-३०४: काकू, ग्रुपवर टाकलं होतं. ‘डीन स्पॅन्ली’, २००८ चा. भुताटकी नाही त्यात. बोअर युद्धानंतरचं इंग्लंड आहे. एका पाद्र्याला टोकाय वाइनचा वास आला की मागचा जन्म आठवतो. तेव्हा तो कुत्रा होता.

ए-२०१: म्हणजे दारू पण! पोट्टे बसले होते ना तिथं?

सी-१०२: हॉलचे पंखे-लाइट ११.४० पर्यंत चालू होते. बिल कोणाच्या नावावर टाकू?

बी-४०१: मग आपला मोत्या मागच्या जन्मी वॉचमनच असन. गेट सोडतच नाही 😂

ए-४०३: हसून काय राहिले? परवा माझ्या पोराच्या मागं धावला तो. २०२२ मध्ये हायकोर्टाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानं सांगितलं होतं, भटक्या कुत्र्यांना खायला घालायचं तर दत्तक घ्या.

बी-१०१: त्याला त्याच नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाची स्थगिती मिळाली, भाऊ. अर्धंच नका सांगू.

सी-३०२: पुनर्जन्माला हसू नका. १९७४ मध्ये आपल्या नागपूरच्याच एक बाई स्वतःला शारदा म्हणवत बंगाली बोलू लागल्या होत्या. इयान स्टीव्हन्सन या अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञानं अभ्यास केला त्याचा.

बी-१०१: त्या आधी थोडं बंगाली वाचायला शिकल्या होत्या, काकाजी. तेही लिहा.

सी-१०२: पंखे-लाइट. ११.४० पर्यंत. बिल?

बी-३०४: काकू, रागावू नका, पण ऐका. पीटर ओ'टूलनं त्यात म्हातारा केला आहे. थोरला मुलगा युद्धात गेला, त्या दुःखानं बायको गेली, अन् या माणसानं टिपूस काढलं नाही. धाकटा दर गुरुवारी भेटायला येतो, पण त्या विषयावर दोघंही गप्प. म्हाताऱ्याचा लहानपणचा कुत्रा वॅग एक दिवस गेला तो आलाच नाही. तो म्हणतो, जगात एका वेळी सातच थोर कुत्रे असतात, वॅग त्यातला. अन् जेवता जेवता पाद्री वॅग होऊन सांगतो की मी घरीच परतत होतो, वाटेत गोळी लागली. तेव्हा कुठं म्हातारा मुलासाठी रडतो.

दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. बाबा त्याचं नाव घेत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. काल मी खुर्च्या उचलत होतो, बाबा बसूनच होते. म्हणाले, त्याला गोळाकढी फार आवडायची ना रे.

बी-४०१: सॉरी यार.

ए-२०१: माझ्याच ओट्यापाशी उभा राहून खायचा. गोळे आधी संपवायचा, मग कढी मागायचा.

सिनेमा सर्वपित्रीनंतर लावायला हवा होता, हे माझं म्हणणं आहेच. उद्या बारा वाजता पानं वाढते. गोळाकढी करीन. बाबांना घेऊन ये.

ए-४०३: अन् कुत्र्याचं पान गेटबाहेर ठेवा, काकू. प्लीज.

ए-२०१: मोत्याचं पान पार्किंगमध्येच. पोराला तेवढा वेळ वर ठेव.

सी-१०२: बिलाचं राहिलंच.

बी-३०४: माझ्या मेंटेनन्समध्ये टाका, काका. काकू, बाबा येतो म्हणाले.