मदत हवी आहे: स्पीकरवर गाणे लावून व्यायाम केल्यानं ट्रायग्लिसराइड खरंच उतरते का?

आर्वीची_लेक:

नमस्कार सगळ्यायले. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राह्यली. वय ४१, घरी शिलाई मशीन आहे, दिवसाचे सात-आठ तास तिच्यावरच बसणं होते. होळीनंतर गावात तपासणीचं शिबिर झालं, तिथं रक्त दिलं आणि रिपोर्ट आला तं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २८६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८, एचबीएवनसी (शुगरची तपासणी) ६.१. शिबिरातल्या डॉक्टरनं कागद पाह्यला, तेल कमी करा, चालत जा म्हणे, आणि पुढच्या बाईले हाक मारली. मले विचारायचं होतं का चालू कुठं, कारण आमच्या गावात बाई बिनकामाची रस्त्यानं निघाली का चार जण विचारतात कुठं चालली, आणि पांदणीत तं पाणी पडलं का गुडघ्याएवढा चिखल. माझ्या आईले शुगर होती, शेवटी पायाचं बोट कापा लागलं तिचं, मी सगळं डोळ्यानं पाह्यलं आहे, म्हणून त्या रात्री तो कागद उशाशी घेऊन जागीच होती.

मग बचत गटातल्या आम्ही सात जणींनी समाजमंदिरात सकाळी साडेपाचला व्यायाम सुरू केला. पहिले पंधरा दिवस एक-दोन-तीन-चार मोजून हातपाय हलवले, त्यात तिघी गळाल्या. मग एकीच्या पोरानं ब्लूटूथ स्पीकर आणून दिला, त्यावर खंजिरी भजनं, लग्नातले नाचाचे गाणे, भुलाबाईचे गाणे लावतो, आणि आता आम्ही चौदा जणी आहो! चाळीस मिनिटं कसे जातात समजत नाही, बाया स्वतः गाणं म्हणत म्हणत करतात.

आता भानगड अशी का गावातले काही जण म्हणतात समाजमंदिरात बायकायचा नाच चालते, स्पीकर बंद करा. सासूबाई पण म्हणतात व्यायाम कर ना बाई, गाणं काहून पाह्यजे. इकडं गटातल्या एकीच्या पोरानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, त्यात सांगतात का गाण्यानं शरीरातले हार्मोन बदलतात, इन्सुलिन, लेप्टिन काय काय, आणि चरबी वितळते. पुढच्या हप्त्यात याच्यावर गावात बैठक आहे आणि मले तिथं उभं राहून बोलायचं आहे, खोटं बोलायचं नाही आहे. कोणाले माहीत असन तं सांगा, जे होते ते गाण्यानं होते का व्यायामानं? आणि रक्त आता परत कधी तपासू?

लॅबवाला_भाऊ:

ताई, आधी रिपोर्टचं बोलतो, माझं रोजचं काम आहे ते. ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली पाहिजे, २०० च्या वर गेलं की जास्त धरतात, तुमचं २८६. बायांचं एचडीएल ५० च्या वर पाहिजे, तुमचं ३६. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून शुगर. ही जोडी, ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली, आपल्या लोकांमध्ये खूप दिसते, बारीक दिसणाऱ्या माणसातही, म्हणून वजनापेक्षा कंबर मोजा, बाईची ८० सेंटिमीटरच्या आत पाहिजे.

परत तपासणी तीन महिन्यांनी, कारण एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगर दाखवते, पंधरा दिवसात पाहून फायदा नाही. रात्रीच्या जेवणानंतर १० ते १२ तास उपाशी या, पाणी चालते, चहा नाही. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, आदल्या दिवशी जोरात व्यायाम झाला असला तर दुसऱ्या दिवशी ट्रायग्लिसराइड तेवढ्यापुरतं कमी येते. मग आपण खुश होतो. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी रोजच्यापेक्षा वेगळं काही करू नका, जादा पण नाही आणि उपासतापास पण नाही.

कोरडवाहू:

शेतात राबणाऱ्या बाईले वेगळा व्यायाम कायले लागते? आमची माय ७५ वर्षांची, कापसाची वेचाई केली जन्मभर, कधी गोळी नाही घेतली.

आर्वीची_लेक:

दादा तुमच्या मायले निरोगी आयुष्य लाभो. पण मी मशीनवर बसते ना. आणि वेचाई मी पण केली आहे लग्नाच्या आधी, कंबर मोडते, हात सोलतात, पण दम लागत नाही, धाप लागत नाही. थकणं आणि दम लागणं वेगळं असते असं मले आता समजून राह्यलं.

नर्सताई:

बरोबर बोललात. आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते, आणि मला हा प्रश्न फार आवडला कारण तुम्ही खरं सांगायचं म्हणता.

गाण्यानं चरबी वितळत नाही. चरबी उचलतात त्या तुमच्या मांड्या. मांडीच्या स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या कडेला एक एन्झाइम असतं, लायपोप्रोटीन लायपेज, ते रक्तातल्या ट्रायग्लिसराइडचे तुकडे करून स्नायूला जाळायला देतं, आणि व्यायामानंतर काही तासांनी ते वाढतं, दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतं. म्हणून व्यायामानं सगळ्यात आधी ट्रायग्लिसराइड हलतं, एचडीएल चढायला महिने लागतात आणि तेही थोडंच, एलडीएलला तर फारसा फरक पडत नाही, ते कमी नाही झालं म्हणून नाराज होऊ नका.

इन्सुलिनचं असं समजा, रक्तातली साखर म्हणजे पाटातलं पाणी आणि स्नायू म्हणजे वाफा. एरवी वाफ्याचं तोंड इन्सुलिन फोडतं. ज्याचं शरीर इन्सुलिनचं ऐकत नाही त्याचं पाणी पाटातच तुंबतं. पण स्नायू काम करत असला की तो इन्सुलिनची वाट न पाहता स्वतःच तोंड फोडून पाणी ओढतो. व्यायाम झाल्यावर एक-दोन दिवस शरीर इन्सुलिनचं जास्त ऐकतं, मग परत पहिल्यासारखं. म्हणून सलग दोन दिवसांच्या वर खाडा पडू देऊ नका, हे सगळ्यात महत्त्वाचं.

लेप्टिन चरबीच्या पेशीच बनवतात, ते मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतं. अंगावर चरबी जास्त असली की लेप्टिन रक्तात भरपूर असतं पण मेंदू निरोप घेत नाही. चरबी उतरली की ते उतरतं. हे महिन्यांचं काम आहे, एका गाण्यात होत नाही, व्हिडिओवाल्यानं वाढवून सांगितलं.

मग गाणं कशाला? १९११ साली अमेरिकेत लिओनार्ड आयर्स यांनी सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीचा हिशोब छापला होता. बँड वाजत असताना सायकलवाले ताशी १९.६ मैल वेगानं जात होते, बँड थांबला की १७.९. आणि २०२० मध्ये पीटर टेरी, कोस्टास कारागिऑर्गिस वगैरे संशोधकांनी १३९ अभ्यास एकत्र तपासले, त्यात निघालं की गाण्यासोबत व्यायामात माणसाला मेहनत कमी वाटते, मन प्रसन्न राहतं, कामही थोडं जास्त होतं. हृदयाचे ठोके मात्र गाण्यामुळे कमी होत नाहीत, म्हणजे शरीराला कष्ट जवळपास तेवढेच, फक्त जाणवतात कमी. ज्या तिघी मोजणीला कंटाळून गेल्या त्या गाण्याला परत आल्या ना? मग बैठकीत हेच सांगा.

पण तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट खटकली. बाया गाणं म्हणत म्हणत करतात असं लिहिलंय. मध्यम व्यायामाची साधी ओळख अशी की बोलता येतं पण गाता येत नाही. अख्खं कडवं म्हणता येत असेल तर तुमचा व्यायाम हलका होतोय. मधली पंचवीस मिनिटं गाणं स्पीकरला म्हणू द्या. छातीत दुखलं, चक्कर आली, जबड्याकडे किंवा डाव्या हातात कळ गेली तर तिथंच थांबून दवाखाना. शुगरची गोळी घेणारी कोणी असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि उपाशीपोटी नको.

आणि ताई, दिवसाचे चहा किती? शिबिरात तेल कमी करा म्हणाले ते ठीक, पण ट्रायग्लिसराइड साखरेनं पण चढतं.

टाळकरी_मोझरी:

माउली, खंजिरीचं मी सांगतो. आपलं भजन संथ सुरू होते आन् शेवटी द्रुत होते, व्यायामाले याच्याहून चांगलं काय! सुरुवातीच्या संथ भागात हातपाय मोकळे करा, लय वाढली का जोर वाढवा. ठेका मोजाचा असन तं घड्याळ धरून १५ सेकंदात किती थापा पडतात ते मोजा, चारनं गुणा. १२० ते १४० च्या मधातलं गाणं जोराच्या भागाले बरं पडते. शेवटी एखादा संथ अभंग लावून श्वास जागेवर येऊ द्या, एकदम बसू नका. आणि आवाज एवढाच ठेवा का बाजूच्या बाईचं बोलणं ऐकू आलं पाह्यजे, मंग गावातले पण बोलणार नाहीत.

आर्वीची_लेक:

सगळ्यायचे खूप खूप आभार, नर्सताई तुमचं लिहिलेलं मी गटात वाचून दाखवलं, वाफ्याचं ऐकून सगळ्या म्हणाल्या हे समजलं आम्हाले. चहा मोजले, दिवसाचे सहा होतात, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे! कालपासून तीन चहा आणि अर्धा चमचा.

आज सकाळी गाण्याची परीक्षा घेतली. भजनाच्या दोन ओळी म्हटल्या आन् तिसऱ्या ओळीले आवाजच फुटेना, सगळ्या हसून राह्यल्या, पण पाय नाही थांबवले कोणी. आधी आम्ही खरंच हलकं करून राह्यलो होतो.

बैठक काल झाली. मी उभी राह्यली, हात कापत होते. आईच्या बोटाचं सांगितलं, माझा रिपोर्ट वाचून दाखवला, आणि म्हटलं का गाण्यानं रोग जात नाही, गाण्यानं आम्ही रोज येतो. म्हातारे लोक गप होते. मग ठरलं का सहाच्या आत स्पीकर हळू ठेवायचा आणि भजनं आधी, लग्नाचे गाणे नंतर. सासूबाई काही बोलल्या नाही, पण आज सकाळी मागच्या भिंतीले टेकून उभ्या होत्या, पदर खोचून. त्यांचे गुडघे दुखतात, वय ६८. त्यांना खुर्चीवर बसून करता येईन असं काही आहे का, ते पण सांगा. आणि दसऱ्यानंतर वेचाई सुरू झाली का अर्ध्या जणी पहाटेच शेतात निघतील, तेव्हा दोन दिवसांच्या वर खाडा पडू न देता कसं जमवाचं? संध्याकाळी करता का तुमच्याकडं कोणी?